ताप, पुरळ आणि रक्तवाहिनीची भिंत

पश्चिम विदर्भात मुलांची डॉक्टर म्हणून काम करताना एक प्रश्न सतत माझ्यासोबत राहिला आहे. ताप आणि पुरळ घेऊन आलेल्या मुलाच्या रक्तवाहिन्यांना सूज आली असेल, तर ती आणली कोणी? जंतूने, की जंतूशी लढायला निघालेल्या त्याच्याच प्रतिकारशक्तीने? वर्गात बसून ऐकताना हा प्रश्न परीक्षेपुरता वाटतो. वॉर्डात मात्र त्याच्या उत्तरावर औषध ठरतं आणि ही औषधं एकमेकांच्या उलट्या दिशेची असतात. एका मुलाला जंतू मारणारं औषध तातडीने हवं असतं, तर शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या प्रतिकारशक्तीला आवर घालावा लागतो. दोघांचा ताप सारखा, पुरळ जवळजवळ सारखं, आणि दोघांच्या आयांच्या डोळ्यांतली काळजीही सारखीच.

रक्तवाहिन्यांच्या दाहाला आम्ही डॉक्टर मंडळी व्हॅस्क्युलायटिस म्हणतो. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचं अत्यंत पातळ अस्तर असतं. ते शाबूत असतं तोवर रक्त आत राहतं, गोठत नाही, सुरळीत वाहतं. अस्तराला किंवा भिंतीला दाह झाला की तीन गोष्टी घडू शकतात. भिंत पाझरू लागते आणि सूज किंवा रक्ताचे ठिपके दिसतात. आतली वाट अरुंद होते आणि पुढच्या अवयवाला रक्त कमी पडतं. किंवा भिंत कमकुवत होऊन फुगते. हे त्वचेत घडलं तर डाग दिसतात, मूत्रपिंडात घडलं तर लघवीतून रक्त जातं, हृदयाच्या धमनीत घडलं तर जिवावर बेततं.

आमच्या भागात या प्रश्नाशी पहिली गाठ पडते ती गोचीड तापात. मूल चार-पाच दिवसांच्या तापाने येतं. दवाखान्यात आणण्याआधी गावात एक-दोन इंजेक्शनं झालेली असतात. अंगावर पुरळ उठलेलं असतं आणि आई विचारते, "मॅडम, गोवर त नाही ना जी?" मी मुलाचे तळहात आणि तळपाय पाहते. गोवराचं पुरळ चेहऱ्यापासून, कानामागून सुरू होऊन खाली उतरतं. गोचीड तापाचं पुरळ बहुधा हातापायांवर उठतं आणि तळहात-तळपायही सोडत नाही. मग मी काचेची पट्टी घेऊन डागावर दाबते. साधी लाली असेल तर काचेखाली त्वचा फिकी पडते. रक्त वाहिनीबाहेर पाझरलं असेल तर डाग तसाच राहतो. काचेखाली न हटणारा तो जांभळट ठिपका म्हणजे भिंत फुटल्याचा पुरावा असतो.

घरी कुत्रं आहे का, गोठा जवळ आहे का, मूल वावरात जातं का, हे मी विचारतेच. कुत्र्याच्या अंगावरची तांबूस गोचीड हा रोग पसरवते. चावा दुखत नाही, त्याची खूणही आपल्याकडे बहुतेकदा सापडत नाही, त्यामुळे "गोचीड चावली का" या प्रश्नाला "नाही" असंच उत्तर येतं. तिच्या लाळेतून रिकेट्सिया नावाचा जिवाणू रक्तात शिरतो आणि थेट रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींमध्ये घर करतो. तिथेच तो वाढतो आणि पेशी मारतो. इथे संसर्ग आणि दाह एकाच जागी, एकाच वेळी असतात. भिंती पाझरतात म्हणून हातापायांना सूज येते, सोडियम उतरतं, प्लेटलेट घसरतात. उशीर झाला तर बोटांची टोकं आणि कानाच्या पाळ्या काळ्या पडतात. रक्ताअभावी मेलेली ती कातडी एकदा पाहिली की गोचीड तापाला "साधा ताप" म्हणायची छाती होत नाही.

या जिवाणूचं वागणं माहीत नसेल तर उपचार भरकटतात. तो पेशीच्या आत राहतो, त्यामुळे वॉर्डात सर्रास दिली जाणारी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी महाग इंजेक्शनं त्याच्यावर चालत नाहीत. चालते ती डॉक्सिसायक्लिन, काही रुपयांची. लहान मुलांचे दात पिवळे पडतील या धास्तीने तिला हात लावायला कचरणारे अजूनही भेटतात. ती धास्ती जुन्या टेट्रासायक्लिनमुळे पडली. थोड्या दिवसांच्या डॉक्सिसायक्लिनने दातांवर डाग पडत नाहीत, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं आहे आणि रिकेट्सियाचा संशय आला की कुठल्याही वयात हेच औषध द्यावं असा आज सल्ला आहे. तपासणीच्या निकालासाठी थांबूनही चालत नाही, कारण रक्तातली प्रतिपिंडं साधारण दुसऱ्या आठवड्यात दिसू लागतात. संशय आला की औषध सुरू करायचं. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, मूल जेवायला मागतं, आणि ते पाहताना आपण वैद्यकी का निवडली ते आठवतं.

आता दुसरी खाट. आठ-नऊ महिन्यांचं बाळ, पाच दिवस ताप, कशानेही न थांबणारी किरकिर. डोळे लाल, पण चिपडं नाहीत. ओठ लाल होऊन फुटलेले, जीभ स्ट्रॉबेरीसारखी दाणेदार, हातपाय सुजलेले, अंगावर पुरळ. अशा बाळाचा डावा दंड मी आवर्जून उघडा करून पाहते. जन्मल्यावर टोचलेल्या बीसीजीची खूण बऱ्याच दिवसांपूर्वी निवलेली असते. कावासाकीच्या आजारात काही बाळांची ती जुनी खूण पुन्हा लालभडक होते, तिच्याभोवती सुजेचं कडं उठतं. त्या जागी नवीन जंतू आलेला नसतो. शरीरातली प्रतिकारशक्ती इतकी खवळलेली असते की जुन्या ओळखीच्या जागीही ती पुन्हा पेटते. जपानमध्ये आणि आपल्याकडे बाळांना बीसीजी देतात, म्हणून ही खूण इथे उपयोगी पडते.

तोमिसाकू कावासाकी हे टोकियोच्या रेड क्रॉस रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ. 1961 च्या जानेवारीत त्यांनी असा पहिला मुलगा पाहिला. कुठल्याही ज्ञात रोगात तो बसेना. त्यांनी घाईने एखादं नाव चिकटवलं नाही. पुढची मुलं पाहत गेले, नोंदी ठेवत गेले आणि 1967 मध्ये 50 मुलांची तपशीलवार हकिकत प्रसिद्ध केली. त्यातली चित्रं आणि वर्णनं आजही आमच्या उपयोगी आहेत. खाटेजवळ उभं राहून नीट पाहण्याची किंमत काय असते, हे मी माझ्या निवासी डॉक्टरांना कावासाकींचंच उदाहरण देऊन सांगते.

कावासाकीच्या आजारात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना दाह होतो. उपचार न मिळालेल्या साधारण चारपैकी एका मुलात त्या धमन्यांना फुगे येतात. पहिल्या दहा दिवसांत आयव्हीआयजी, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं, शिरेतून दिली की हे प्रमाण शेकडा पाचाच्या आसपास येतं. मात्रा वजनाच्या दर किलोला दोन ग्रॅम. दहा किलोच्या बाळाला वीस ग्रॅम लागतात आणि खर्च हजारोंच्या घरात जातो. कापूस अजून घरात आहे आणि भाव पडलेला आहे, अशा वेळी बापाला हा आकडा सांगणं मला दर वेळी जड जातं. तरीही सांगते. टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, धमनी अजून नीट दिसते आहे, हीच योग्य वेळ आहे, पुढच्या आठवड्यात पैसे आले तरी ही वेळ परत येणार नाही, हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगावं लागतं.

या आजारामागे संसर्ग आहे का? जंतू आजवर सापडलेला नाही. पण खाणाखुणा सगळ्या संसर्गाच्या आहेत. आजार मुख्यतः सहा महिने ते पाच वर्षं वयात होतो. त्याआधी बहुधा आईकडून आलेली प्रतिपिंडं बाळाला राखत असावीत आणि नंतर बहुतेक मुलं त्या अज्ञात जंतूला सरावत असावीत. आजार ऋतूनुसार कमीजास्त होतो. जपानमध्ये 1979, 1982 आणि 1986 मध्ये त्याच्या साथी आल्या. एकदा झालेल्या मुलाला तो सहसा पुन्हा होत नाही. आणि केवळ जंतू पुरेसा नाही, हेही दिसतं. हवाई बेटांवर वाढणाऱ्या जपानी वंशाच्या मुलांत तो इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. म्हणजे बाहेरून कुणीतरी ठिणगी टाकतं आणि काही मुलांच्या रक्तातच ती पकडण्याची तयारी असते. माझ्या समजुतीने इतकं म्हणण्यापुरता पुरावा आपल्या हाती आहे.

गोचीड ताप आणि कावासाकी यांची गफलत होणं आमच्याकडे सोपं आहे. दोन्हींत ताप रेंगाळतो, दोन्हींत तळहात लाल होऊन हातपाय सुजू शकतात. प्लेटलेट पाहाव्या लागतात. गोचीड तापात त्या कमी होतात, कावासाकीत दुसऱ्या आठवड्यात त्या भराभर वाढतात. ओठ, डोळे, बीसीजीची खूण, घरचं कुत्रं, सगळं एकत्र मांडावं लागतं. तरीही उलगडा झाला नाही तर मी डॉक्सिसायक्लिन सुरू करते आणि त्याच दिवशी टूडी इकोही करवून घेते. एका शक्यतेची वाट पाहताना दुसरीची वेळ निघून जाता कामा नये.

2020 मध्ये या जुन्या प्रश्नाला अचानक नवं उत्तर मिळालं. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या बालरोगतज्ज्ञांनी इशारा दिला की कावासाकीसारखी दिसणारी, पण जास्त वयाची आणि जास्त गंभीर मुलं येत आहेत. काही महिन्यांत मुंबईत आणि नंतर आमच्याकडेही ती दिसू लागली. 2021 च्या दुसऱ्या लाटेनंतर तर वॉर्डात अशी मुलं वारंवार येत होती. तीव्र ताप, लाल डोळे, पुरळ, पोटात इतकं दुखणं की अपेंडिक्सची शंका यावी, आणि पाहता पाहता रक्तदाब खाली. घशाच्या स्वॅबमध्ये कोरोना सापडत नव्हता. रक्तातली प्रतिपिंडं मात्र हजर होती. विचारलं की कळायचं, महिनाभरापूर्वी घरात आजोबांना कोरोना झाला होता, मुलाला काहीच झालं नव्हतं. विषाणू येऊन गेला होता. त्यानंतर दोन ते सहा आठवड्यांनी प्रतिकारशक्तीची लाट उसळत होती. त्या मुलांना आयव्हीआयजी आणि स्टेरॉइड दिलं की बहुतेक जण काही दिवसांत सावरत.

संसर्ग आधी, मग शांततेचा काळ, मग रक्तवाहिन्यांचा आणि हृदयाचा दाह, हा क्रम आम्ही त्या दिवसांत डोळ्यांसमोर उलगडताना पाहिला. एरवी आपल्या हाती दाह असतो आणि जंतूचा तपास लागत नाही. इथे जंतूही माहीत होता आणि तो आल्याची अंदाजे तारीखही. 2020 मध्येच, 5 जूनला, कावासाकी वारले, वयाच्या 95 व्या वर्षी. ज्या प्रश्नाला त्यांनी आयुष्य दिलं, त्याचं इतकं जवळचं उदाहरण जगासमोर येत असतानाच ते गेले, ही गोष्ट मला चटका लावून जाते.

संसर्ग ओसरल्यावर दाह येण्याचं एक सौम्य रूप दर हिवाळ्यात ओपीडीत दिसतं. सहा-सात वर्षांचं मूल, पंधरा दिवसांपूर्वी घसा धरला होता, आता दोन्ही पायांवर आणि ढुंगणावर हाताला लागणारे जांभळे डाग. गुडघे-घोटे दुखतात, पोटात कळा येतात. घरच्यांना वाटतं, काहीतरी चावलं. या आजारात आयजीए जातीच्या प्रतिपिंडांचे पुंजके बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अडकतात. बहुतेक मुलं काही आठवड्यांत आपोआप बरी होतात. पण डाग गेले म्हणून काम संपत नाही. मूत्रपिंडाला धक्का उशिरा बसू शकतो, म्हणून सहा महिने अधूनमधून लघवी तपासावी लागते आणि रक्तदाब मोजावा लागतो. डाग गेल्यावर पालक येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणून पहिल्याच दिवशी तारखा लिहून कागद हाती देते आणि गावच्या आशाताईंनाही कळवते.

सगळ्यांत अवघड वाटा टाकायासूच्या आजारात लागतात. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो टाकायासू यांनी 1908 मध्ये एका तरुणीच्या डोळ्यांतल्या विचित्र रक्तवाहिन्यांचं वर्णन केलं, त्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो. यात महाधमनी आणि तिच्या मोठ्या शाखा दाहाने अरुंद होतात. रुग्ण बहुतेकदा मुली आणि तरुण स्त्रिया असतात आणि आपल्या देशात तो दुर्मिळ म्हणून सोडून देण्याइतका दुर्मिळ नाही.

माझ्याकडे आलेली एक किशोरवयीन मुलगी मला या संदर्भात नेहमी आठवते. बारीक ताप, वजन घटलेलं, डोकं दुखणं. मांटू या क्षयाच्या त्वचाचाचणीत गाठ मोठी आली म्हणून आधीच्या दवाखान्यात तिला क्षयाची औषधं सुरू केली होती. औषधं चालू राहिली, डोकेदुखीही चालूच राहिली. आमच्या सिस्टरनी डाव्या हाताला बीपी घ्यायचा प्रयत्न केला तर लागेचना. उजव्या हाताला घेतलं तर वयाच्या मानाने भलतंच जास्त. डाव्या मनगटावर नाडी जवळजवळ हाताला लागत नव्हती. बेंबीच्या वर स्टेथोस्कोप ठेवला तर दर ठोक्याला फुंकर घातल्यासारखा आवाज येत होता. सीटी अँजिओग्राफीत महाधमनीची भिंत जाड झालेली आणि मूत्रपिंडाची एक धमनी अरुंद दिसली. क्षयाचा सक्रिय पुरावा कुठेच सापडला नाही. स्टेरॉइड आणि मेथोट्रेक्सेट सुरू केल्यावर तिचा ताप थांबला, रक्तदाब आटोक्यात आला. आज ती शिकते आहे, औषधं घेते आहे.

टाकायासू आणि क्षय यांचा संबंध असावा, हा संशय जुना आहे आणि निराधार नाही. क्षयाच्या जिवाणूचं एक प्रथिन आपल्या पेशींतल्या प्रथिनाशी मिळतंजुळतं आहे, त्यामुळे जिवाणूवर तयार झालेला हल्ला स्वतःच्या भिंतीवर वळू शकतो. मेक्सिकोतल्या संशोधकांना रुग्णांच्या महाधमनीत क्षयाच्या जिवाणूंचे जनुकीय अंश सापडले. फ्रान्समधल्या तपासणीत ते सापडले नाहीत. आणि आपल्या देशात मांटू उमटणं हा फारसा पुरावा होऊ शकत नाही, कारण क्षयाचा जंतू कधी ना कधी अंगात येऊन गेलेले लोक इथे कोट्यवधी आहेत. म्हणून माझा नियम सरळ आहे. क्षय कसून शोधायचा, सापडला तर त्याचे उपचार करायचे, कारण क्षय असताना नुसतं स्टेरॉइड देणं घातक ठरू शकतं. पण सापडला नाही तर संशयाच्या नावाखाली भिंतीचा दाह महिनोन्महिने तसाच ठेवायचा नाही. अरुंद झालेली धमनी नंतर औषधांनी पुन्हा रुंद होईलच असं नाही.

संसर्ग आणि दाह यांचं नातं पक्कं सिद्ध झालं की काय साधतं, याचं सर्वांत चांगलं उदाहरण मोठ्यांच्या आजारात आहे, पण त्याचा उपाय आमच्या प्रसूती वॉर्डात आहे. पॉलिआर्टरायटिस नोडोसा या आजारात मध्यम आकाराच्या धमन्यांना दाह होतो. कुसमाउल आणि मायर या जर्मन डॉक्टरांनी 1866 मध्ये त्याचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा कारण कोणालाच ठाऊक नव्हतं. शंभराहून जास्त वर्षांनी, 1970 च्या सुमारास, काही रुग्णांच्या रक्तात हिपॅटायटिस बी म्हणजे कावीळ ब च्या विषाणूचं प्रथिन सापडलं. विषाणूचं प्रथिन आणि त्यावरची प्रतिपिंडं यांची जोडगोळी धमनीच्या भिंतीत साचते आणि दाह पेटवते. कारण कळलं तसे उपचार बदलले. नुसतं दीर्घकाळ स्टेरॉइड दिलं तर विषाणू अधिक फोफावतो, म्हणून ते थोडे दिवस देऊन विषाणूविरोधी औषधांवर भर दिला जाऊ लागला. आणि लस आल्यावर, रक्तपेढ्यांत तपासणी होऊ लागल्यावर, आजारच ओसरला. फ्रान्समधल्या नोंदींत अशा रुग्णांपैकी एकेकाळी 36 टक्के कावीळ ब मुळे झालेले होते. ते प्रमाण पुढे 5 टक्क्यांच्या खाली आलं.

बाळाला जन्मताना आईकडून या विषाणूची लागण झाली तर ती आयुष्यभर टिकण्याची शक्यता 90 टक्क्यांच्या घरात असते. म्हणूनच जन्मानंतर 24 तासांच्या आत दिला जाणारा पहिला डोस इतका मोलाचा आहे. आपल्याकडे ही लस 2011 नंतर देशभरातल्या सरकारी लसीकरणात आली. रात्री दोनला जन्मलेल्या बाळाला सकाळची वाट न पाहता लस टोचणारी सिस्टर यकृताचा कर्करोग तर टाळतेच, पण पुढे कधीतरी फुगू शकणारी एखादी धमनीही वाचवते. आमच्या वॉर्डात मी हे मोठ्याने बोलून दाखवते, कारण त्या कामाचं श्रेय कुठल्याही रजिस्टरात लिहिलं जात नाही.

या सगळ्यांतून मी एवढं शिकले की संसर्ग आणि रक्तवाहिन्यांचा दाह यांचं नातं एकच एक नाही. कधी जंतू स्वतः भिंतीत बसलेला असतो. कधी त्याचे अवशेष प्रतिपिंडांसह भिंतीत साचतात. कधी जंतू निघून गेलेला असतो आणि आपलीच फौज थांबायला तयार नसते. रुग्ण यांपैकी कुठे आहे, हे ठरवल्याशिवाय स्टेरॉइडची चिठ्ठी लिहू नये. आणि जंतू सापडत नाही म्हणून हातावर हात ठेवून बसू नये.

माझ्या डॉक्टर मित्रमैत्रिणींना विनंती आहे. तापाच्या प्रत्येक मुलाचे तळहात आणि तळपाय पाहा, डाग दाबून पाहा, बाळाच्या बीसीजीच्या खुणेवर नजर टाका. कारण न सापडणारा ताप आणि डोकेदुखी घेऊन आलेल्या मुलीच्या चारही हातापायांच्या नाड्या तपासा. याला पाच मिनिटंही लागत नाहीत. आणि आईबापांनो, ताप पाच दिवस उतरत नसेल, सोबत पुरळ, लाल डोळे किंवा सूज असेल, तर चौथं इंजेक्शन घेऊन घरी थांबू नका. मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, घरी कुत्रं किंवा गोठा असेल तर ते सांगा, महिनाभरात घरात कोणाला काय झालं होतं तेही सांगा. नव्या बाळाला दवाखान्यातून घरी नेण्याआधी कावीळ ब ची लस झाली का, हे स्वतः विचारा आणि कार्डावर तारीख लिहून घ्या.